चौदा नंबरचा दगड

उंबरगव्हाणात पुंडलिकराव लोहकरे यांना सगळे ‘मोजणीसाहेब’ म्हणतात. साहेब ते कधीच नव्हते, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्यालाही. एकतीस वर्षं त्यांनी जमीन मोजणीच्या ऑफिसात शिपायाची नोकरी केली. साहेब पुढं चालायचे, हे मागं साखळीचं टोक धरून उभे राहायचे. पण माणूस असा, की स्वतःच्या लग्नात बोहल्यावर चढण्याआधी मांडव पावलांनी मोजला आणि सासऱ्याला म्हणाला, “मामाजी, उगवतीच्या अंगानं दीड हात कमी भरते.” पोरगी कोणाच्या हाती चालली ते सासऱ्यानं तिथंच ओळखलं म्हणतात. तरी बिचाऱ्यानं विचारलं, “जावईबापू, राह्याचं घर कोनाच्या नावावर हाये?”

“मोजनी होऊ द्या, शोभाच्या नावावर करतो.”

ही छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून शोभाबाई मोजणीची वाट पाहत होत्या. मधल्या काळात नवऱ्यानं निम्म्या तालुक्यातल्या शेतांचे धुरे मोजले, भावाभावांची भांडणं हातभर जमिनीवरून तोडली, आणि स्वतःच्या घराचा विषय निघाला की एकच उत्तर दिलं: मोजणी होऊ दे. ते घर गावाच्या दक्षिण टोकाला, मोहाच्या झाडाखाली, वर टिनाचं छप्पर. घराच्या काटेरी कुपाटीपलीकडे चौदा नंबरचा हद्दीचा दगड होता, म्हणजे घर आबादीच्या, गावठाणाच्या आत. पण पाच-सहा वर्षांमागं पांदण रस्त्यावर मुरूम टाकताना तो दगड रोलरखाली गेला. ऑफिसातला गावचा जुना नकाशा घडीवर फाटलेला, आणि फाटला तो नेमका दोन्ही टोकांवर. तेव्हा चौदा नंबरचा दगड आता फक्त एकाच ठिकाणी उरला होता, पुंडलिकरावांच्या डोक्यात. याचा त्यांना किती अभिमान, ते विचारूच नका. चहाच्या टपरीवर कोणी नुसतं ‘दगड’ म्हटलं तरी हे मान ताठ करायचे.

दोन वर्षांमागं, मार्चात, गावोगावची आबादी ड्रोननं मोजून घरोघरी मालकीचं कार्ड द्यायचं काम उंबरगव्हाणापर्यंत येऊन ठेपलं. ड्रोन घेऊन आली काजल. देवळीकडची सोयाबीनवाल्या शेतकऱ्याची पोरगी, सव्वीस-सत्तावीसची, डोक्यावर टोपी, बोलायला गोड आणि कामाला कडक. ऑफिसच्या साहेबांनी तिला सांगितलं होतं, “त्या गावाचा नकाशा फाटका आहे, पण लोहकरे आहेत. त्यांची रेष चुकत नाही.”

उंबरगव्हाण हिंगणीपासून अकरा किलोमीटर आत, बोरच्या जंगलाच्या कडेला. तिथं कुठल्याच कंपनीचा टावर धरत नाही. गावात मोबाईल वापरतात तो टॉर्च म्हणून. अशा गावात ड्रोन उडवायचा तर सगळं आधीच ठरवून न्यावं लागतं. लेकीला सासरी पाठवताना आई बारीकसारीक सगळं बांधून देते, तसं. कुठून उडायचं, किती उंच जायचं, नांगर फिरवावा तसं तास धरून कुठपर्यंत जायचं आणि कुठं वळायचं, हे सगळं टावर असलेल्या जागी बसून टॅबमध्ये भरायचं. गावाचं चित्रही तिथंच उतरवून घ्यायचं. मग तो आपला भरून दिलेल्या वाटेनं जातो, फोटो काढतो आणि परत येतो.

ही आखणी झाली हिंगणीला, भैय्याजींच्या किराणा दुकानात, कारण त्यांच्या पायरीवर नेटवर्कच्या चार काड्या येतात. भैय्याजी त्या काड्यांबद्दल असं बोलायचे, जसं काही वडिलोपार्जित मिळाल्या आहेत.

“बसा मोजनीसाहेब,” भैय्याजी म्हणाले. “आज खुर्चीत बसा. जिंदगीभर उभंच राह्यले तुम्ही.”

काजलनं खरोखरच खुर्ची ओढली आणि त्यांना आपल्या शेजारी बसवलं. पुंडलिकराव जरा अवघडले. एकतीस वर्षांत साहेबाच्या बाजूनं टेबलाशी बसायची वेळ कधी आली नव्हती. साहेब खुर्चीत, नकाशा टेबलावर, आणि पुंडलिकराव टेबलाच्या पलीकडे उभे, अशीच त्यांची नोकरी गेली. पण बसले. बसल्यावर चेहऱ्यावर जे तेज आलं ते भैय्याजींनी पुढं आठवडाभर गिऱ्हाइकांना नक्कल करून दाखवलं.

काजल विचारत गेली, हे सांगत गेले.

“काका, गावात सगळ्यात उंच काय आहे?”

“टेकडीवर देवीच्या ओट्यापाशी बेहड्याचं झाड. सव्वीस मीटर. सावली मोजून काढलं हाये. वरते कावळा बसला तर सव्वासव्वीस.”

“मग परत यायची उंची पन्नास ठेवते. मधातच संपर्क तुटला तर तो सरळ रेषेत घरी येतो, झाडाले धडकला नाही पाहिजे.”

“शहानी हायेस पोरी. आमचे साहेब खड्ड्यात पडल्यावर खड्डा विचारत.”

मग आली हद्द. टॅबवर गावाचं वरून काढलेलं चित्र होतं, शाळा बांधायच्या आधीचं, भर उन्हाळ्यातलं. ढोलकीसारखं लांबट गाव. मधे विहीर. एका अंगानं नाला, दुसऱ्या अंगानं पांदण, दोन्ही सारखेच कोरडे, सारखेच मातकट. आणि ढोलकीच्या दोन्ही टोकांवर मोहाचं एकेक झाड, झाडाखाली टिनाचं एकेक छप्पर. एक पुंडलिकरावांचं घर. दुसरा उत्तर टोकाचा बाबारावचा गोठा. बाबाराव म्हणजे गावचा उपसरपंच, पुंडलिकरावांना चारचौघांत मुद्दाम ‘शिपाई’ म्हणणारा एकुलता एक माणूस. त्यानं तो गोठा हद्दीबाहेर, सरकारी जागेत टाकलेला. सगळ्या गावाला माहीत.

“काका, बोटानं काढा रेष,” काजल म्हणाली.

पुंडलिकरावांनी बोट लावलं. टॅब हलेना. साखळी धरून धरून बोटाची कातडी अशी झालेली, की काचेला ते बोट वाटेचना. भैय्याजींनी तेवढ्यात हसून घेतलंच. शेवटी हे सांगायचे आणि काजल काढायची, असं ठरलं.

“हे वरचं टोक आत घे. कुपाटीच्या पलीकडून दोन पावलं, तिथी चौदा नंबरचा दगड होता. तिथून रेष फिरव. खालचं टोक सोड. तो गोठा हाये, सरकारी जागेत.”

“नक्की ना काका? खालचं छप्पर घरासारखं दिसून राह्यलं.”

“बेटा, त्या गोठ्याच्या शेनाचा वास बी मी वळखतो.”

काजलनं रेष बंद केली. सोबतच्या कागदावर ‘हद्द दाखवणाऱ्याची सही’ अशी एक ओळ होती, तिथं पुंडलिकरावांनी झोकात सही केली. ‘लोहकरे’मधल्या ‘ह’ला अशी शेपटी दिली, की ती शिक्क्यावर गेली.

घरी येऊन शोभाबाईंना म्हणाले, “परवा ड्रोन येते. घराभवती चुन्याची रेष मारून ठेव. रेष दिसली का घर तुह्यं.”

शोभाबाईंनी दुकानातून चुना आधीच आणून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारभर त्यांनी दोरी लावून घराभोवती रेष काढली. खुंट्या ठोकून, कोपरे काटकोनात. मोजणीवाल्याच्या घरात चौतीस वर्षं काढलेली बाई, तिला कोण शिकवणार? अंगणातल्या तुळशीलाही आत घेतलं, मोरीलाही. शेजारणी रोजच्यासारखा सकाळी सडा टाकतील आणि रेष ओली करतील म्हणून उंबरठ्यापासून हाका मारून बजावलं: उद्या सडा टाकू नका वं बायांनो, सरकारचा डोया येऊन राह्यला.

ड्रोन आला त्या दिवशी शाळेच्या मैदानात अर्धं गाव. बाबाराव पांढऱ्या कपड्यात पुढं. काजलनं दहा वाजता यंत्र सोडलं. भुंग्यासारखा आवाज करत ते चढलं आणि तासं धरून फिरू लागलं. पुंडलिकराव मान वर करून कोणत्या वळणाला काय येतं ते लोकांना सांगत होते. “आता विहीर. आता देऊळ. आता पाहा, दक्षिनेले जाते, आमच्या घराकडे.”

गेलं. मोहाच्या अलीकडे पोचलं, थबकलं आणि वळून परत आलं.

शोभाबाई रेषेच्या आत उभ्या होत्या. हातानं डोळ्यांवर सावली धरून त्यांनी त्याला येताना पाहिलं आणि परत जातानाही. आपल्या घरावरून ते कधी जाणार, याची वाट पाहत त्या तशाच उभ्या राहिल्या.

यंत्र उत्तरेला गेलं. बाबारावच्या गोठ्यावरून दोनदा फिरलं. शेणाच्या उकिरड्यावरूनसुद्धा.

पुंडलिकरावांनी वर केलेली मान खाली घेतली. ते काजलजवळ गेले, आणि अगदी हळू, शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखं म्हणाले, “बाई, तो टॅब जरा उलटा धरशीन का?”

तिनं धरला. आणि गाव जागेवर आलं. विहिरीच्या डाव्या अंगाला नाला, वरच्या टोकाला आपला मोह, आपली कुपाटी, आपलं छप्पर. एकतीस वर्षं त्यांनी प्रत्येक नकाशा टेबलाच्या पलीकडून पाहिला होता. गावाचा नकाशा त्यांना तोंडपाठ होता तो उलटा. सुलट्या बाजूला बसायचा मान आयुष्यात एकदाच मिळाला, आणि त्या एकाच दिवशी त्यांनी स्वतःचं घर बाबारावचा गोठा समजून बाहेर काढलं, आणि बाबारावचा गोठा स्वतःचं घर समजून आत घेतला. शेणाच्या वासासकट.

काजलच्याही ध्यानात आलं. पोरगी चांगली. ओरडली नाही. म्हणाली, “काका, काही बिघडलं नाही. बॅटरी एक शिल्लक आहे. इथी आखणी बदलता येत नाही, बदलली का कारण लिहून वरते पाठवावं लागते आणि होकार आल्यावरच उडवता येते. मी गाडीनं हिंगणीले जाते, तासाभरात येते. फक्त कारणात लिहावं लागन, जाणकारानं हद्द चुकीची दाखवली. खाली तुमची सही.”

एक ओळ आणि एक सही. एवढंच मागितलं होतं.

पुंडलिकराव खिशातला पेन चाचपत होते. तेवढ्यात बाबाराव आला. गोठ्यावरून ड्रोन दोनदा फिरला हे त्यानंही पाहिलं होतं, आणि तोंडावर असा भाव होता, जसं काही न मागता कोणी ताटात जिलेबी वाढली.

“काऊन गा साहेब, ड्रोन तुमच्या घराले भेला का?”

लोक हसले. आणि मग बाबारावलाच काय वाटलं कोण जाणे. गोठा आत गेल्याच्या आनंदात त्याचं मन मोठं झालं असावं. तो लोकांकडे वळून म्हणाला, “नाई, हसू नका. मानलं या मानसाले! मी जिंदगीभर शिपाई म्हनत आलो. पन पाहा, स्वतःचं घर हद्दीबाहेर हाये तर बाहेर ठेवलं, आन माहा गोठा आत हाये तर आत घेतला. दुश्मनाचं बी खरं केलं. असा इमानदार मानूस जिल्ह्यात दाखवा!”

कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. बाबारावनं सगळ्या गावासमोर हात जोडले आणि म्हटलं, “मोजनीसाहेब!” त्याच्या तोंडून पहिल्यांदा.

काजल पेन उघडून उभी होती. “काका?”

पुंडलिकरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. घसा साफ केला.

“रेष बरोबर हाये,” ते म्हणाले.

“काका, एक घंट्याचं काम आहे.”

“बरोबर हाये म्हनलं ना.”

काजलनं यंत्र पेटीत भरलं. दुसऱ्या दिवशी तिला पुढच्या गावी जायचं होतं.

त्या दिवशी घरी शोभाबाईंनी भाकर वाढली, वर बेसन घातलं, आणि विचारलं, “आपलं घर खरंच बाहेर होतं?”

“हद्द हद्द असते, शोभा.”

“चौतीस वर्षं तर आत म्हनत होते.”

“जुना नकाशा पुन्हा आठवला,” हे म्हणाले आणि पाण्याचा पेला उगाच इकडून तिकडे सरकवला.

शोभाबाईंनी विश्वास ठेवला, हेच वाईट झालं. नवऱ्याचं घरावर प्रेम नसेल, पण खरेपणावर आहे, असं त्यांनी मनाशी धरलं. बायका विहिरीवर म्हणायच्या, “शोभाबाई, तुमच्या मालकानं तर कमालच केली,” तर या घागर उचलता उचलता म्हणायच्या, “तसेच हायेत ते, खोटं जमत नाई त्याईले.” चुन्याच्या रेषेवर मात्र त्यांनी सडा पडू दिला नाही. दूरदूरून शिंपडायच्या.

सहा महिन्यांनी शाळेत कार्डं वाटली. बाबारावच्या गोठ्याचं कार्ड आलं, मालकाच्या रकान्यात त्याचं नाव, शेजारी गोठ्याचा रंगीत फोटो. शोभाबाईंच्या घराच्या जागी नकाशात नुसता हिरवा पट्टा, लिहिलेलं ‘शासकीय’. त्याच कार्यक्रमात बाबारावच्या हस्ते पुंडलिकरावांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. पाहुणे म्हणाले, अशी माणसं आहेत म्हणून काम चालतं. पुंडलिकरावांनी शाल खांद्यावर घेतली. काही दिवस टपरीवर जाताना ती उन्हातही पांघरायचे. टपरीवाले डोळा मारायचे, पण चहा द्यायचे.

मग शोभाबाई भाचीच्या बारशाला देवळीला गेल्या. बस स्टँडवर काजल भेटली. पोरीनं ओळखलं, वाकून नमस्कार केला, आणि बोलता बोलता म्हणाली, “काकू, तुमच्या घराचं फारच वाईट वाटते मले. काकांनी टॅब उलटा केला तेव्हाच मी म्हटलं होतं, तासाभरात दुरुस्त करते. एका सहीचं काम होतं.”

“कोनती सही?”

काजलनं सांगितलं. सांगून झाल्यावर तिला वाटलं, सांगायला नको होतं. पण तोवर बस लागली होती.

शोभाबाई घरी आल्या. पुंडलिकराव ओसरीत बसले होते, शाल गुडघ्यावर.

“टॅब उलटा काऊन करायले लावला होता?”

पुंडलिकराव शालीची घडी घालू लागले. “गावासमोर कसं म्हनू, शोभा? टाया वाजवून राह्यले होते.”

“माह्या घराच्या टाया होत्या त्या,” शोभाबाई म्हणाल्या. रडल्या नाहीत. गावातल्या बायकांना अजून वाटतं की त्या दिवशी त्यांनी भांडी आपटली. ते खरं नाही. भांडी शांतच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहून घेतला. कारण स्वतः सांगितलं: ‘माझ्या पतीने हद्द चुकीची दाखवली.’ अर्ज पुढं सरकवून म्हणाल्या, “करा आता सही. आता कोनी पाहत नाई.” पुंडलिकरावांनी सही केली. या वेळी ‘ह’ला शेपटी नव्हती.

दोघं सेलूच्या मोजणी ऑफिसात गेले. साहेब नवा, तरुण, सभ्य. त्यानं अर्ज वाचला, मग फाईल उघडून सही ताडून पाहिली.

“लोहकरेकाका, हे तुमचंच ना? हद्द दाखवणाऱ्याची सही?”

“हाव.”

“त्यात तुम्ही म्हणता घर बाहेर. तेव्हा तुमचा काही फायदा नव्हता, उलट नुकसान. आता बायकोच्या नावानं घर मागता आणि म्हणता आत. मी कोणतं खरं मानू? जुना दगड दाखवू शकता?”

“चौदा नंबरचा. रस्त्यात गेला.”

“नकाशा?”

“फाटला हाये.”

“मग तो दगड तिथं होता याला पुरावा काय?”

साहेबाला वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. त्यानं फाईल बंद करत म्हटलं, “काका, या ऑफिसात अजून सांगतात, लोहकऱ्यांची रेष चुकत नाही. मीच ती चुकली असं कसं लिहू?”

पुंडलिकराव टेबलाच्या पलीकडे उभे होते. शेजारी खुर्ची रिकामी होती. बसा, असं साहेब दोनदा म्हणाला होता. ते बसले नव्हते. समोर गावाचा नवा रंगीत नकाशा पसरलेला होता, उलटा, आणि त्यातलं सगळं त्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं.

परतताना बसमध्ये शोभाबाई खिडकीशी बसल्या, हे दांड्याला धरून उभे. शेजारची जागा हिंगणीपर्यंत रिकामीच होती.

घरी पोचल्यावर शोभाबाईंनी कोनाड्यातला उरलेला चुना काढला. जुनी रेष जागोजाग पुसट झाली होती. त्यांनी दोरीचं एक टोक पुंडलिकरावांच्या हातात दिलं.

“धरा.”

ते कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले, खुंटीच्या बाहेरच्या अंगाला, जिथं शिपाई उभा राहतो. शोभाबाई दोरी ताणत, वाकून चुना सोडत पुढं गेल्या, तुळशीला आत घेतलं, मोरीला आत घेतलं, घराला पूर्ण वेढा घालून पुन्हा तिथंच आल्या. रेष सरळ आली होती. हात झटकून त्या आत गेल्या आणि चूल पेटवायला बसल्या.

पुंडलिकराव दोरीचं टोक धरून बाहेर उभे होते. सोडा, असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं.